नकाशे फाडणारे कासमभाई

कासमभाई हसायचे नाहीत असं नाही, पण हसण्याआधी एकदा दाराकडे बघायचे. दारात कोणी नाही अशी खात्री झाली की मग खांदे हलवत, अजिबात आवाज न करता हसायचे. तोपर्यंत विनोद सांगणारा तिसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः पाल दिसली की स्टुलावर चढते. पण भिण्याचं काम इतक्या शिस्तीत, रोजच्या रोज करणारा माणूस हा एकच.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला द्वारका चौकाजवळ एका भाजीपाला निर्यातदाराकडे टायपिस्ट म्हणून लागले. निर्यातदार हे पाटीवर. प्रत्यक्षात एक पत्र्याची लांब शेड, तिच्या टोकाला ऑफिस म्हणून एक खोली आणि खोलीत दोन टेबलं. एक माझं, दुसरं कासमभाईंचं. मालकांना सगळे अण्णा म्हणत, आणि अण्णा बसत नसत, कायम कुठेतरी निघालेले असत. सायखेड्याकडून, गोदाकाठच्या मळ्यांमधून टोमॅटो यायचा. शेडमध्ये बायका तो निवडून खोक्यांत भरायच्या, ट्रक अमृतसरला जायचा आणि तिथल्या आडत्याच्या हातून आमचा माल सरहद्द ओलांडून लाहोरच्या मंडईत पोचायचा. निवड आणि पॅकिंग सगळं कासमभाईंच्या हाती.

पन्नाशीचे होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. खिशात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, मतदानाचं ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला. पन्नाशीच्या माणसाने शाळेचा दाखला घेऊन हिंडावं याचं मला हसू यायचं. एकदा विचारलंच.

"बाई, त्यात जन्मठिकाण लिहिलंय. नाशिक," ते म्हणाले. "तोंडानं सांगून कोणी ऐकत नाही हो."

टोमॅटो मात्र त्यांच्याइतका कोणाला कळत नसे. पिकलेला टोमॅटो अमृतसरपर्यंत रस होऊन पोचतो आणि हिरवा पाठवला तर गिऱ्हाईक परत पाठवतं. बुडाशी जेमतेम गुलाबी झाक आलेला लागतो. ते बोटाच्या मागच्या बाजूने टोमॅटोला स्पर्श करायचे, अंगठा कधी लावायचे नाहीत. "लाल नको, नुकता लाजलेला पाहिजे," असं नव्या बायकांना सांगायचे आणि सांगता सांगता स्वतःच लाजायचे.

पाकिस्तान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते "तिकडं" म्हणत. लाहोरला "वरचं गाव" म्हणत. मी टाइप केलेली यादी तपासताना तो शब्द आला की त्याच्यावर डाव्या हाताचं बोट ठेवत आणि उजव्या हाताने पुढचं वाचत. मला सुरुवातीला वाटलं, माझी स्पेलिंगची चूक झाकतायत.

आता रद्दीचं सांगते. खोक्यात तळाला आणि थरांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालायची पद्धत होती. रद्दी नाशिकचीच. आणि नाशिक म्हणजे काय गाव आहे बघा. एकीकडे तोफखान्याची छावणी, एकीकडे नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना. इथल्या पेपरात दिवसाआड कुठल्यातरी परेडचा नाहीतर विमानाचा फोटो असतोच. कासमभाई रोज सकाळी रद्दीचा ढीग पुढ्यात घेऊन लोखंडी पट्टी लावून बसत आणि एकेक पान उलटत. तोफ दिसली, फाडली. विमान दिसलं, फाडलं. गणवेशातला माणूस, मग तो बँडवाला का असेना, फाडला. आणि प्रत्येक अंकातला तो हवामानाचा चौकोनी नकाशा, तो तर सगळ्यात आधी.

बायकांची पुढारी ठकूबाई होती, सायखेड्याची. भीती या गोष्टीशी तिची ओळखच नव्हती. ती म्हणायची, "आवो चाचा, नकाशे फाडून ऱ्हायले, मंग तिकडं पाऊस पडंल का नाय हे टमाट्याला कसं कळावं?"

शेडभर हशा. कासमभाई दाराकडे बघत.

मी मात्र एकदा चिडून म्हटलं, "कासमभाई, हे अती होतंय. पावसाचा नकाशा आहे तो."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "बाई, नकाशा तो नकाशा. समजा सरहद्दीवर खोकं उघडलं. आत नाशिकचा पेपर. पेपरात तोफ. पॅकिंग कोणाचं? कासम शेखचं. आता पुढचं तुम्ही सांगा."

शेख या आडनावापाशी मी अडले आणि टायपिंगला लागले.

एकदा तर भरलेला ट्रक निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरची उदबत्ती लावून झाली होती. कासमभाई धावत बाहेर आले, चाकापुढे उभे राहिले आणि म्हणाले, माल उतरवा. झालं काय होतं, तर जेवताना त्यांना आठवलं की सकाळी एक पान बघायचं राहिलं आणि त्यावर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा फोटो होता. राखेने शेतं खराब होतात अशी बातमी होती कसलीतरी. अण्णा तापले. "कासम, तिकडच्या लोकांनी चिमण्या पाहिल्या नाहीत का रे?" कासमभाई हात जोडून उभे. पण चाकापुढून हलले नाहीत. शेवटी अख्खा ट्रक उतरवला. संध्याकाळच्या आत ते पान सापडलं, एका खोक्याच्या तळाशी, टोमॅटोच्या पाण्याने भिजून लगदा झालेलं. चिमणी सोडा, त्यावर अक्षरसुद्धा लागत नव्हतं. तरी त्यांनी त्या लगद्याचे तुकडे केले.

त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं, की फक्त पुरवण्या वापरायच्या. पाककृती, राशिभविष्य, वधूवर, साड्यांचे सेल. लाहोरच्या मंडईतल्या हमालांना नाशिकच्या साड्यांची दुकानं चांगलीच पाठ झाली असणार.

या सगळ्या भीतीच्या मुळाशी त्यांची बहीण होती, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. जुबेदा. त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आई-बापामागे यांनीच वाढवलेली. लाहोरला आतेभावाला दिली होती. आपण मुलगी लांब दिली म्हणतो ना, तशी. त्यानंतर एकदाच येऊन गेली होती. ईदला तिचं पत्र यायचं, उर्दूत. ते घरी न उघडता ऑफिसात आणायचे आणि मला पाकीट दाखवायचे.

"बघा, डिंक दोनदा लागलाय. आपल्याआधी कोणीतरी वाचलंय."

"मग वाचू दे की. काय असतं त्यात?"

"काही नसतं. ती विचारते, गंगेला पूर आला का. गल्लीतली चिंच आहे का पाडली." गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, तीही तेच लिहायची. "मी लिहितो, आम्ही बरे, तू बरी राहा, हवा चांगली आहे. मग वाटतं, हवेचं लिहावं का नको."

हे ते विनोदाने म्हणत नव्हते.

मग तो हिवाळा आला. दिल्लीला हल्ला झाला, सरहद्दीवर फौजा जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही देशांमधली बस बंद, रेल्वे बंद, आणि त्यांच्याबरोबर आमचा मालही बंद. अमृतसरला पोचलेले ट्रक तिथेच उभे राहून नासले. शेडमध्ये भरलेल्या खोक्यांमधून पाणी गळायला लागलं, त्या आंबट वासाने डोकं उठायचं. निम्म्या बायकांना घरी बसवावं लागलं. ठकूबाई जाताना म्हणाली, "भांडून ऱ्हायले ते दिल्लीला, आन् सडतंय आमचं सायखेड्याला." अण्णांनी सुरतेला थोडा माल लावला, त्यावर कसंबसं चालू राहिलं.

अशात एके दिवशी दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस ऑफिसात आला. सभ्य होता हो. खुर्चीवर बसण्याआधी विचारलं, बसू का म्हणून. सरकारी चौकशी होती, ज्यांची ज्यांची तिकडे नाती होती त्या सगळ्यांकडे तो चालला होता. त्याने वही उघडली. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, टाइप करत असल्याचं दाखवत.

"पाकिस्तानात कोणी नातेवाईक?"

कासमभाई उभेच होते. "एक बहीण होती."

"होती म्हणजे?"

"वारली."

"कधी?"

"झाली… झाली दोन वर्षं."

त्याने लिहून घेतलं. पाणी प्यायला, आभार मानले आणि गेला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मागच्याच ईदचं जुबेदाचं पत्र कासमभाईंच्या टेबलाच्या खणात होतं, त्या माणसाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

कासमभाईंनी पाण्याचा रिकामा पेला उचलून ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलले. मलाही भीती वाटली होती, आणि ती त्यांच्यासाठी होती की स्वतःसाठी, याचा मी आजही फार विचार करत नाही.

त्या दिवसापासून माणूस आतून खचला. त्यांनी पत्र लिहिणं थांबवलं. सरकारदरबारी मेलेल्या बाईला नाशिकहून पत्र कसं टाकणार? पण पुढच्या ईदला तिचंही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टपाल येण्याच्या वेळेला ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत, आणि पोस्टमन दिसला की पाठ फिरवून परत येत.

"बाई, तोंडातून निघालेलं लागतं हो," एकदा आपण होऊन म्हणाले. "मी जित्या बहिणीला मेली म्हणालो. वरच्यानं ऐकलं असेल तर?"

मी म्हटलं, "असं काही नसतं." आवाजात जोर आणायला मला जमलं नाही. आमच्या घरीही तिन्हीसांजेला कोणी वाईट बोललं तर आई तोंडावर हात ठेवायची.

दोन वर्षांनी गाडी पुन्हा सुरू व्हायची बातमी आली. अण्णा पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेडमध्ये आले. सायखेड्याच्या टेंपोतून सगळ्या बायका परत आल्या, ठकूबाईने सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. अमृतसरच्या आडत्याचा फोन आला, की माल पाठवा, जेवढा असेल तेवढा. मी पेढा घेऊन कासमभाईंकडे गेले तर त्यांच्या तोंडाचा रंग उडालेला.

"आता ती येईल," ते म्हणाले.

"मग आनंदच आहे की!"

"बाई, समजून घ्या. ती अर्ज करणार. कोणाकडे जायचं? भावाकडे. भाऊ कुठं? नाशिकला. मग तपासाला कागद इथं येणार. आणि इथं काय लिहिलंय? वारली. मी म्हटलं ही माझी बहीण नाही, तर तिला परवानगी नाही. म्हटलं आहे, तर मी सरकारशी खोटं बोललो. का बोललो? काय लपवायचं होतं? आणि अर्ज आलाच नाही तर…" ते थांबले. मग एकदम स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "कधीकधी वाटतं, अर्ज येऊच नये. असा भाऊ आहे मी."

पेढा माझ्या हातातच राहिला.

माल चालू झाला. रद्दी, पट्टी, सगळं पूर्ववत. कासमभाईंच्या हाताखालची पट्टी मात्र आता सरकायची, नकाशा फाडताना पान दुभंगायचं. आणि सातआठ महिन्यांनी त्यांच्या घरी सरकारी पाकीट आलं. जुबेदा नावाच्या बाईंनी नाशिकला येण्यासाठी अर्ज केला आहे, नात्याची खात्री करायला अमुक ऑफिसात हजर राहावं.

पाकीट माझ्यासमोर ठेवून त्यांनी डोळे पुसले. "जिती आहे," एवढंच म्हणाले. मग लगेच हळू आवाजात, "बाई, एक अर्ज टाइप करून द्या."

त्या अर्जाचे तीन कच्चे मसुदे झाले. पहिल्यात होतं, "बहीण वारली असे नजरचुकीने सांगण्यात आले." मी म्हटलं, कासमभाई, नजरचुकीने बहीण कशी वारेल? दुसऱ्यात होतं, "ऐकण्यात गैरसमज झाला." ते त्यांनाच पटलं नाही. मग म्हणाले, "लिहा. मी घाबरलो म्हणून खोटे बोललो. माझी बहीण जिवंत आहे. शिक्षा मला करावी, तिला येऊ द्यावे." मी ते टाइप केलं. नेहमी तीनदा वाचायचे, यावेळी त्यांनी एकदाच वाचून सही केली.

त्या सरकारी ऑफिसात मीही गेले, कारण त्यांना एकट्याने पायरी चढवत नव्हती. साहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसत अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि वैतागून म्हणाले, "अहो, हे कशाला लिहून आणलंत? तुमचं जुनं काही आम्ही काढलंसुद्धा नव्हतं. नुसतं भाऊ आहे म्हणाला असता तर झालं असतं."

कासमभाईंनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आता दिलंय तर फाइलला लावावं लागेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो कागद टाचणीने सगळ्यात वर लावला. शिक्षा वगैरे काही झाली नाही. पण परवानगीचं कळेपर्यंतचे दीड-दोन महिने कासमभाईंनी कसे काढले, ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं आहे. दाराबाहेर कुणाचंही पाऊल वाजलं की ते उठून उभे राहायचे.

ती आली. नाशिकरोडला उतरली ते मी पाहिलं नाही. मी तिला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसात, कारण आल्यावर तिथे नोंद करावी लागते आणि फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून कासमभाईंनी मला बोलावलं होतं. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर चादर, आणि चाल अशी तुरुतुरु की ते मागे पडत होते. साहेब रजेवर होते. टेबलावर एक कारकून. ती त्याच्याशी उर्दूत बोलली, छान, अदबीने. मी फॉर्म भरत होते. कासमभाई तिच्या खुर्चीमागे तिचा पासपोर्ट दोन्ही हातांत धरून उभे होते.

कारकुनाने फाइल उघडली. सगळ्यात वर तोच अर्ज. त्याने वाचला आणि बाईला काय कळतंय अशा खात्रीने माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "आँ? ह्या तर वारल्या होत्या ना?"

माझं पेन थांबलं. मी वर बघितलंच नाही.

"कोन? मी?" जुबेदा म्हणाली. मराठीत. जुन्या नाशकातल्या, तिच्या लहानपणीच्या मराठीत. "कवा वो?"

तिने मान मागे वळवली. "भाई, काय म्हनून राहिले हे?"

कासमभाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं, जुबी. इथं विचारायला आले तेव्हा. मला बहीण होती, वारली म्हणून. घाबरलो होतो गं." आणि ते तिथेच, खुर्चीला धरून, लहान मुलासारखे रडायला लागले.

ती उठली नाही. चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "गाडी बंद झाली तवा?"

"हो."

"आमच्याकडं बी आले होते," ती म्हणाली. "त्याच दिवसांत. तिकडं कोन हाय तुमचं म्हनून. मी म्हटलं, कोनी नाय. एक भाऊ होता, गेला." तिने खाली बघितलं. "मग गल्लीतले विचारायला लागले, भाऊ गेला तर रडली कशी नाय. सासूबाई म्हनल्या, सांगितलंस तर आता पार पाड. मग तुझा चाळीसावा केला, भाई. कुराण वाचून घेतलं, लोकांना जेवू घातलं. मग पत्र कसं टाकनार?"

कारकून शिक्का उचलून तसाच बसला होता. कासमभाई रडायचे थांबले. शेजारची खुर्ची त्यांनी ओढली, तिच्या अगदी जवळ, आणि बसले. पासपोर्ट अजून हातातच होता. इकडेतिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "जेवायला कोण कोण आलं होतं?"

ती बोटांवर नावं मोजत सांगायला लागली. आतेबहिणी, शेजारचे दर्जी, मशिदीतले मौलवी. दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. मी भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला आणि निघाले. दारातून पाहिलं तर कासमभाई एकेका नावाला मान हलवत होते आणि मधेच विचारत होते, "आणि त्यांचा धाकटा? तो नाही आला?"